क्वाय नदीकाठची दुसरी भेट : एका युद्धकैद्याचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. त्यातल्या माणसांची नावं गाळली आहेत, कारण लक्ष त्यांच्या निर्णयांकडे राहावं असं वाटतं. ब्रिटिश सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्याला लेफ्टनंट म्हणू आणि जपानी लष्करी पोलिसांसाठी भाषांतर करणाऱ्याला दुभाषी.

बरीच वर्षं हे प्रकरण माझ्या मनात आहे. चिकाटी आणि क्षमा हे दोन गुण आपण एका दमात उच्चारतो. ज्याच्याकडे एक आहे त्याच्याकडे दुसरा असणारच, असं धरून चालतो. या माणसाच्या आयुष्यात तसं घडलं नाही. ज्या हट्टाने तो तुरुंगात तगला, तोच हट्ट घरी आल्यावर क्षमेच्या आड आला. तो बाजूला सरायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली, आणि तेही आपोआप झालं नाही. कुणीतरी पत्र लिहिलं, कुणीतरी उत्तर दिलं, तेव्हा झालं.

पार्श्वभूमी

लेफ्टनंट एडिंबराचा. लहानपणापासून रेल्वेचं वेड. वाफेचं इंजिन दिसलं की पाय तिथेच थबकणारा मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो पोस्ट खात्यात लागला आणि १९३९ साली सैन्यात, रॉयल सिग्नल्समध्ये गेला. तारा, रेडिओ, दळणवळण ही त्याची कामं.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय मिळून सुमारे ८५ हजार सैनिक जपान्यांच्या हाती लागले. भारतीय सैनिकांना दोनच दिवसांत फेरर पार्कच्या मैदानावर वेगळं काढलं गेलं, बाकीच्यांना सिंगापूरच्याच चांगी छावणीला चालत नेलं. युद्धकैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण त्याला मंजुरी दिली नव्हती. शरण आलेला सैनिक माणसातून उठला, अशीच त्या सैन्याची शिकवण होती.

पुढे लेफ्टनंटची रवानगी थायलंडला, कांचनाबुरीच्या रेल्वे वर्कशॉपात झाली. थायलंडमधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या तानब्युझायापर्यंत ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जंगल आणि डोंगर फोडून टाकायचा होता. १९४२ च्या मध्याला सुरू झालेलं हे काम १७ ऑक्टोबर १९४३ ला पुरं झालं. त्यावर साठ हजारांवर युद्धकैदी राबले आणि त्यांतले १२ हजारांहून अधिक मेले. मलायातले तमिळ, ब्रह्मी, जावानीज अशा आशियाई मजुरांची संख्या याच्या कितीतरी पट होती. त्यांच्यातल्या मृतांचे अंदाज ९० हजारांपर्यंत जातात. पटकी, आमांश, हिवताप, उपासमार आणि मार ही कारणं. कैद्यांची निदान थडगी आहेत, एकट्या कांचनाबुरीच्या दफनभूमीत सुमारे सात हजार. मजुरांपैकी बहुतेकांच्या नशिबी तेवढंही आलं नाही. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

रेडिओ आणि नकाशा

छावणीतल्या काही अधिकाऱ्यांनी लपूनछपून रेडिओ बनवला. युद्ध कुठवर आलं आहे हे कळावं, एवढाच त्याचा उपयोग. आज हा धोका आपल्याला वेडेपणा वाटेल. पण रोज माणसं मरत असताना "आपली बाजू अजून हरलेली नाही" ही बातमी भाताच्या मुठीइतकीच गरजेची होती. लेफ्टनंटने याखेरीज आणखी एक गोष्ट केली, त्या लोहमार्गाचा नकाशा काढला. थोडा पळून जाण्याच्या विचाराने आणि थोडा, मला वाटतं, सवयीने. रूळ दिसले की ते कागदावर उतरवायचे, ही पोरवयातली खोड.

प्रकरणातला हा पहिला निर्णय. त्याला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मात्र त्याची किंमत सगळ्यांनी मोजली. ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस झडतीत रेडिओ सापडला. २१ सप्टेंबरच्या रात्री लेफ्टनंटला आणि त्याच्या सोबत्यांना उभं करून कुदळीच्या दांड्यांनी मारलं. त्याचे दोन्ही हात मोडले, बरगड्या मोडल्या. या मारहाण-सत्रात दोन अधिकारी मेले. पुढे नकाशाही सापडला आणि त्याला केंपेताईच्या, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांच्या, ताब्यात दिलं गेलं.

तिथे प्रश्न विचारणारा एक आणि ते इंग्रजीत सांगणारा दुसरा. नकाशा कशासाठी काढला? लेफ्टनंटने खरं ते सांगितलं : मला रेल्वेची आवड आहे. त्यावर कुणाचा विश्वास बसेना. मोडलेले हात तसेच असताना त्याला बाकावर बांधलं आणि नळीने नाकातोंडात पाणी सोडलं. तो आईला हाका मारत होता. आई आदल्याच वर्षी, सिंगापूर पडल्यानंतर थोड्याच दिवसांत वारली होती. हे त्याला सुटून घरी गेल्यावर कळणार होतं.

पुढची पन्नास वर्षं त्याच्या डोक्यात राहिला तो मारणाऱ्याचा हात नव्हे, भाषांतर करणाऱ्याचा आवाज. हे मला फार लक्षणीय वाटतं. मारणारा परक्या भाषेत ओरडत होता. धमकी समजत होती ती दुभाष्याच्या तोंडून, स्वतःच्या भाषेत, जवळून, सपाट सुरात. म्हणून सगळा द्वेष त्या आवाजावर येऊन बसला.

बँकॉकला लष्करी न्यायालयात पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला सिंगापूरच्या आउट्रम रोड तुरुंगात टाकलं. तिथे बोलायला बंदी. माणसं कोठडीतच झिजत, मरत. इथून जिवंत बाहेर पडायचं तर आजारी म्हणून चांगीच्या कैदी-इस्पितळात जायला हवं, हे त्याने ओळखलं आणि एके दिवशी लोखंडी जिन्यावरून स्वतःला खाली झोकून दिलं. मोडलेली हाडं नुकती कुठे जुळलेली असताना.

त्याची चिकाटी ही अशी होती. कुणावर विश्वास टाकायचा नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, विचारलेल्या प्रश्नाला कमीत कमी उत्तर द्यायचं. आउट्रम रोडला या तीन सवयींनी त्याचा जीव वाचवला.

घरी आल्यावरची अडचण

१९४५ साली सुटका झाली. परतणाऱ्या कैद्यांना तोंड आवरायला सांगणारी पत्रकं वाटली गेली : आपले हाल वर्तमानपत्रांना सांगत सुटू नका, मेलेल्यांच्या घरच्यांना यातना होतील. हेतू वाईट नसेलही. परिणाम असा झाला की हजारो माणसं तोंडाला कुलूप लावून घरी पोचली. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहानुसार ब्रिटिश कैद्यांना नंतर भरपाई मिळाली, माणशी सुमारे ७६ पौंड. अशा आघाताने मनावर होणाऱ्या जखमेला वैद्यकाच्या अधिकृत यादीत नाव (पीटीएसडी) मिळालं १९८० साली.

लेफ्टनंटने परतताच लग्न केलं, नोकऱ्या केल्या, पश्चिम आफ्रिकेत वसाहतीच्या प्रशासनात काही वर्षं काढली, मग स्कॉटलंडमधल्या विद्यापीठात कर्मचारी व्यवस्थापन शिकवलं. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं सुरळीत. घरात मात्र तो बर्फ. रात्री ओरडत उठायचा. बायकोने साधा प्रश्न केला तरी त्याला ती चौकशीची खोली वाटायची आणि त्याचा चेहरा मिटायचा. तुरुंगात शिकलेल्या त्या तीन सवयी घरातही तशाच चालू होत्या. पहिला संसार मोडला.

१९८० साली एका आगगाडीत त्याची एका बाईशी ओळख झाली आणि १९८३ साली त्यांनी लग्न केलं. हे काय चाललंय हे या दुसऱ्या पत्नीला समजेना, पण तिने ते सोसून गप्प बसायचं नाकारलं. तिच्या आग्रहाने तो छळ सोसलेल्यांवर उपचार करणाऱ्या लंडनच्या एका संस्थेत जाऊ लागला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी समोर बसून, घाई न करता, त्याचं ऐकून घेत होतं.

१९८९ मध्ये एका जुन्या सोबत्याने त्याच्या हातात जपानमधल्या एका इंग्रजी दैनिकाचं कात्रण ठेवलं. त्यात एका वृद्ध जपानी गृहस्थाचा फोटो होता. त्या मार्गावर मेलेल्यांसाठी तो प्रायश्चित्त घेत होता, आणि नकाशा बाळगल्याच्या संशयावरून छळल्या गेलेल्या एका कैद्याची आठवण आपल्याला सोडत नाही असं सांगत होता. लेफ्टनंटने चेहरा ओळखला. तो कैदी म्हणजे तो स्वतः होता.

समोर कोणते मार्ग होते

सूडाची इच्छा खरी होती. हा माणूस सापडला तर त्याला इजा करावी, हा विचार त्याने वर्षानुवर्षं जोपासला होता आणि तो त्याने लपवलाही नाही. निवृत्तीनंतर तो या लोकांचा माग काढत होता, तो काही सलोख्यासाठी नव्हे. आता पत्ता हाती आला होता.

न्यायालयाची वाट जवळपास संपलेली होती. छावणीतल्या त्या जीवघेण्या मारहाणीबद्दल युद्धानंतर खटला चालला आणि फाशीच्या शिक्षाही झाल्या. त्याने लेफ्टनंटची झोप परत आली नाही. यातून न्याय निरुपयोगी ठरतो असं मी मुळीच म्हणणार नाही. तो झाला नसता तर क्षमेची गोष्ट काढणंसुद्धा निर्लज्जपणाचं ठरलं असतं.

तिसरी वाट म्हणजे आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी असलेली, झालं गेलं गंगेला मिळालं. चाळीस वर्षं त्याच्याकडून हीच अपेक्षा केली गेली होती आणि तिने काय केलं ते वर आलंच आहे. विसरायला सांगणं हा पुष्कळदा ऐकणाऱ्याचा थकवा असतो. ज्याला सांगितलं जातं त्याच्या पदरात त्यातून काही पडत नाही.

उरली शेवटची, सर्वांत अवघड वाट : त्या माणसाशी बोलणं. लेफ्टनंटने लगेच तसं केलं नाही. कात्रण हाती घेऊन तो जवळजवळ दोन वर्षं थांबला. हा थांबण्याचा निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. त्या काळात त्याने उपचार चालू ठेवले आणि दुभाष्याविषयी मिळेल ते वाचलं.

पत्नीचं पत्र

दुभाष्याने स्वतःच्या आठवणींची छोटी पुस्तिका लिहिली होती. तिच्यात त्याने म्हटलं होतं की कांचनाबुरीच्या दफनभूमीत हात जोडून उभा असताना आपल्याला क्षमा मिळाल्यासारखं वाटलं. हे वाचून पत्नी संतापली. कुणी दिली क्षमा? ज्याला बाकावर बांधलं होतं तो माणूस जिवंत आहे, या घरात आहे, रात्री ओरडत उठतो आहे. त्याने तर काही दिलेलं नाही.

तो राग योग्य होता. क्षमा थडग्यांकडून मिळत नाही, आणि जिवंत माणसाला वगळून तर नाहीच नाही. १९९१ मध्ये नवऱ्याला विचारून तिने दुभाष्याला पत्र लिहिलं. तुम्ही ज्याच्याबद्दल लिहिता तो माणूस माझा नवरा आहे, तुमच्या क्षमेच्या भावनेचं काय करायचं ते त्याच्याशी बोलल्याशिवाय कसं ठरणार, असा त्याचा रोख. त्यात आरडाओरड नव्हती, गोडवाही नव्हता. नेमका प्रश्न होता आणि पत्रव्यवहाराला दार उघडं ठेवलं होतं.

माझ्या मते या प्रकरणाचं वळण नदीकाठच्या भेटीत नाही, या पत्रात आहे. एक तर ते लेफ्टनंटने लिहिलं नाही. पहिला धक्का पेलण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं. शिवाय ते दुभाष्याच्या पश्चात्तापाची परीक्षा घेणारं होतं. दिखाऊ पश्चात्ताप या प्रश्नापुढे टिकला नसता, गप्प तरी बसला असता किंवा सबबी तरी सांगत सुटला असता.

उत्तर आलं. त्यात दुभाष्याने आपली बाजू मांडली नाही. तुमचं पत्र खंजिरासारखं आत गेलं, अशा अर्थाचं त्याने लिहिलं, आणि भेटीची इच्छा कळवली. ते वाचताना पत्नीचा राग उतरला, आणि तिच्या पाठोपाठ लेफ्टनंटच्या आतही काहीतरी सैल झालं.

दुभाष्याच्या पश्चात्तापाला शब्दांपलीकडचा पुरावा होता, हेही सांगायला हवं. युद्ध संपताच दोस्त राष्ट्रांच्या पथकाबरोबर तो मार्गालगतची थडगी शोधत फिरला. त्या मार्गावर काय झालं होतं, त्याचा पूर्ण आवाका त्याला तिथे दिसला. १९७६ साली त्याने याच लोहमार्गाच्या क्वाय नदीवरच्या पुलावर माजी कैदी आणि माजी जपानी सैनिक यांची भेट घडवून आणली. नदीजवळ बौद्ध मंदिर उभारलं आणि शंभराहून अधिक वेळा थायलंडला गेला. जपानमध्ये हे सगळं अप्रिय होतं. तरी तो थांबला नाही. चिकाटी या प्रकरणात दोन्ही बाजूंना आहे.

भेट

मार्च १९९३, कांचनाबुरी, पुलाजवळ. लेफ्टनंट आधी येऊन बसला आणि त्याने दुभाष्याला दुरून येताना पाहिलं. डोक्यातल्या आवाजाला आता शरीर होतं, आणि ते होतं एका ठेंगण्या, म्हाताऱ्या, थरथरणाऱ्या माणसाचं. दुभाषी वाकला आणि पुन:पुन्हा माफी मागू लागला. लेफ्टनंटने त्याला जपानीत नमस्कार केला, कसे आहात विचारलं. मग दोघं बाकावर बसले. १९४३ मध्ये एका बाकावर तो बांधलेला होता. आता दोघं शेजारी बसून कुठे काय होतं, कोण कुठे उभं होतं, याच्या आठवणी जुळवत होते.

त्या दिवशी त्याने "माफ केलं" म्हटलं नाही. समोरचा रडतो आहे, दोघांच्या बायका पाहताहेत, कॅमेरा चालू आहे (या भेटीचं चित्रीकरण झालं होतं), अशा वेळी ते दोन शब्द तोंडून निघून जाणं किती सोपं होतं! त्याने ते राखून ठेवले. दोघं एकत्र फिरले, बोलले, चक्क हसलेही. मग जपानमध्ये, टोकियोतल्या हॉटेलच्या खोलीत त्याने दुभाष्याला एकट्याला बोलावलं. कॅमेरा नाही, बायका नाहीत. तिथे त्याने आधीच लिहून आणलेलं छोटं पत्र त्याला दिलं. आशय असा होता : कांचनाबुरीला जे झालं ते मी विसरू शकत नाही, तरी माझ्याकडून तुम्हाला पूर्ण क्षमा आहे.

लेखी, खाजगी, आणि फक्त स्वतःच्या वतीने. रेल्वेमार्गावरच्या १२ हजारांच्या वतीने नाही, मारहाणीत मेलेल्या दोन सोबत्यांच्या वतीने नाही, केंपेताई नावाच्या यंत्रणेला तर नाहीच. एका माणसाने एका माणसाला, एका ठरावीक गोष्टीबद्दल दिलेली क्षमा. कुणी बसच्या रांगेत धक्का लागला तरी आपण "माफ करा" म्हणतो, त्यामुळे त्या शब्दाचं वजन पार गेलेलं आहे. या पत्रात ते मला परत दिसतं.

निष्पत्ती

दोघांची मैत्री टिकली. पत्रं चालू राहिली. दुभाषी २०११ मध्ये गेला, लेफ्टनंट ऑक्टोबर २०१२ मध्ये, त्र्याण्णव वर्षांचा होऊन. जुन्या आठवणी पुसल्या गेल्या नाहीत, पण त्यांचा मालक आता तो होता. ब्रिटिश सरकारने २००० साली हयात कैद्यांना प्रत्येकी १० हजार पौंड जाहीर केले. तोवर त्यांतले असंख्य लोक, कुणाशीही न बोलता, गेलेले होते.

त्यांच्यापैकी अनेकांनी जपान्यांना कधीच माफ केलं नाही. हे प्रकरण दाखवून त्यांना दोष देऊ नये. त्यांना हव्या त्या माणसाचा पत्ता मिळाला नाही, मिळालाच असता तर तो पस्तावलेला असता याचीही खात्री नाही. लेफ्टनंटच्या बाबतीत दुसरा माणूस अर्धी वाट आधीच चालून आला होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं उत्तर सोपं आहे : १९४५ मध्ये गप्प बसायला सांगायच्या ऐवजी ऐकायला कुणीतरी बसवायला हवं होतं. चाळीस वर्षं त्यातच गेली. दुभाष्यानेही दफनभूमीत क्षमा मिळाल्याचं लिहिण्याआधी जिवंत राहिलेल्यांपैकी कुणालातरी शोधायला हवं होतं. आवाज त्याचा, आठवण त्याची, तर पहिलं पत्रही त्याच्याकडून यायला हवं होतं. ते लिहिण्याचा भार पीडिताच्या घरावर पडला. भेटीच्या वेळी कॅमेरा नसता तर बरं झालं असतं असंही मला वाटायचं. पण ते चित्रीकरण पाहून आणखी कुणी घरी तोंड उघडलं असेल, तर माझा आक्षेप मी मागे घेते.

दोन गोष्टींवर मात्र माझं समाधान होत नाही. एक म्हणजे पहिला संसार. त्या घरातल्यांनी त्या थंडपणाची झळ सोसली, रात्रीच्या किंकाळ्या ऐकल्या, आणि सलोख्याच्या या गोष्टीत त्यांना जवळजवळ जागाच नाही. छळणाऱ्याला पत्र मिळालं. ज्यांना नकळत दुखावलं गेलं त्यांच्यासाठीही तसंच एक पत्र असायला हवं होतं, आणि त्यात क्षमा मागणारा लेफ्टनंट असता.

दुसरी गोष्ट मजुरांची. लेफ्टनंटला दुभाषी सापडला तो कात्रणामुळे, आणि दुभाष्याला लेफ्टनंट आठवत होता कारण त्याच्यावर खटला चालला, कागद झाले, त्याला नाव होतं. मलायाच्या रबरमळ्यांतून नेलेल्या तमिळ मजुराच्या बायकोने कुणाला पत्र लिहायचं? तिच्याकडे नवऱ्याचं थडगंही नव्हतं आणि दुभाष्याचा फोटोही नव्हता.